ज्यूदोचे जनक जिगोरो कानो

आपल्या वस्तीतील काही मुली ज्यूदोच्या वर्गास जातात. काहींना आयांनी मधूनच काढले. माझी धाकटी अजून जाते. ज्यांनी ही विद्या घडवली, त्यांचे चरित्र मला कळले तसे सांगते.

जिगोरो कानो यांचा जन्म १८६० साली जपानात कोबेजवळ मिकागे गावी झाला. लहानपणीच आई देवाघरी गेली. पुढे ते शिक्षणासाठी टोकियोस आले. अभ्यासात हुशार, पण अंगाने किरकोळ. दांडगी मुले त्यांना छळीत. जुजुत्सु शिकल्यास दुबळाही बलवानास लोळवतो, असे त्यांनी ऐकले. परंतु ती विद्या तेव्हा मागे पडली होती, आणि वडिलांनाही ती पसंत नव्हती. हाडवैद्यांना ती येत असावी, म्हणून कानो हाडवैद्यांकडे चौकशी करीत हिंडले. अखेर १८७७ साली फुकुदा हे गुरू लाभले.

रोज अंग ठेचून निघे. मलमाच्या वासावरून सोबती चेष्टा करीत. तालमीतला एक धिप्पाड गडी त्यांना सारखा पाडी. कानोंनी वाचनालयात बसून परदेशी कुस्तीची पुस्तके चाळली, नवा डाव बसवला आणि त्याला चीत केले.

मार चुकवावा म्हणून सुरू केलेल्या सरावाने त्यांची प्रकृती सुधारली, आणि मूळचा तापट स्वभावही शांत झाला. आता कोणाला हरवण्यासाठी नव्हे, तर स्वतःला घडवण्यासाठी ते तालमीत उतरू लागले. १८८२ साली टोकियोतील एका देवळात, बारा चटयांच्या जागेत, नऊ शिष्यांसह त्यांनी कोदोकान ही शाळा काढली. शक्ती योग्य तेथेच खर्चावी आणि दोघांचेही भले व्हावे, ही तिची शिकवण. १८९३ पासून ते स्त्रियांनाही शिकवू लागले. १९२६ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र विभाग निघाला. १९३८ साली कैरोहून परतताना बोटीवरच त्यांचे निधन झाले. पुढे १९६४ साली ज्यूदो ऑलिंपिकमध्ये आला, आणि १९९२ पासून तेथे स्त्रियांच्याही रीतसर स्पर्धा होऊ लागल्या.

ज्यूदोत आधी शिकवतात ते इजा न होता पडायचे कसे, हे. मुलगी पहिल्या महिन्यात खरचटून आली, तर आयांनी घाबरू नये. हळद लावावी आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर वर्गास धाडावी. गोडी सरावानेच लागते. मग तिला ढकलून पाठवावे लागत नाही.