आभाळाचा हिशेब मांडणारा माणूस

पुण्यात शिवाजीनगरला वेधशाळेची जुनी दगडी इमारत आहे. पुणेकर तिला अजूनही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून इथे आले, त्याची ही खूण. पण सिमल्यात बसून ज्याने मान्सूनचा हिशेब मांडला, त्या सर गिल्बर्ट वॉकर यांचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

वॉकर यांचा जन्म १४ जून १८६८ रोजी इंग्लंडमधील रॉचडेलचा. केंब्रिजमध्ये १८८९ साली ते सीनियर रँग्लर झाले. बरोबर दहा वर्षांनी तोच मान आपल्या रघुनाथ परांजप्यांना मिळाला. वॉकरना छंदही विलक्षण. बूमरँग फेकण्याच्या नादामुळे मित्र त्यांना ‘बूमरँग वॉकर’च म्हणत. पुढे बासरीची रचना सुधारण्यातही त्यांनी डोके घातले. मध्यंतरी प्रकृती ढासळली म्हणून काही हिवाळे स्वित्झर्लंडमध्ये काढावे लागले.

असा हा गणिती हवामानशास्त्राचे शिक्षण नसताना १९०३ साली हिंदुस्थानात आला आणि १९०४ मध्ये वेधशाळांचा प्रमुख झाला. वेळ मोठी कठीण होती. हिमालयातील बर्फ पाहून पावसाचा अंदाज देण्याची पद्धत ब्लॅनफर्ड यांनी १८८०च्या दशकात सुरू केली होती. परंतु १८९९ साली त्यांचे उत्तराधिकारी एलियट यांनी चांगल्या पावसाचा अंदाज दिला आणि पाऊस साफ दगा देऊन गेला. गुजरात-राजस्थानात तो दुष्काळ ‘छप्पनिया’ म्हणून आजही आठवला जातो. अंदाज चुकणे म्हणजे काय, हे त्या वर्षी माणसांनी आणि गुराढोरांनी प्राण देऊन मोजले.

वॉकरनी आडाखे बाजूला ठेवले आणि आकडे मागवले. जगभरातल्या ठाण्यांवरील हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी जमवून, कशाचा कशाशी संबंध लागतो ते तपासायचे ठरले. संगणक नव्हताच. ही प्रचंड आकडेमोड हिंदी कारकुनांनी हाताने केली. संगणक येण्यापूर्वीच्या बँकेत लेजर बॅलन्सिंगसाठी मी रात्री जागवल्या आहेत. एका पैशाचा फरक शोधताना माणसाचे काय होते, हे मला ठाऊक आहे. ते कारकून तर साऱ्या पृथ्वीचे बॅलन्सिंग करीत होते!

शेकडो आकड्यांच्या जोड्या लावल्या की काही नुसत्या योगायोगानेही जुळतात. वॉकरना याची पक्की जाण होती. खरा संबंध कोणता आणि भासमान कोणता, हे ठरवण्याची कसोटी त्यांनी १९१४ साली मांडली. या चाळणीतून जे उरले ते अद्भुत होते. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो उतरतो, आणि उलटही. बागेतल्या सी-सॉसारखा हा खेळ. त्याला त्यांनी ‘सदर्न ऑसिलेशन’ म्हणजे दक्षिणी आंदोलन असे नाव दिले. त्याचे कारण मात्र त्यांना सांगता आले नाही, आणि त्यावरून टीकाही झाली. १९२४ साली ते निवृत्त झाले, लंडनच्या इंपीरियल कॉलेजात प्राध्यापक झाले आणि ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वारले. पुढे १९६९ साली ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने एल निनोशी या आंदोलनाचा सांधा जुळवला आणि प्रशांत महासागरावरील हवेच्या त्या चक्राला वॉकर यांचेच नाव दिले.

वॉकर सिमल्यात असतानाच, १९१५ साली, टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून मुंबईला वीज मिळू लागली. लोणावळ्याच्या परिसरात पडलेल्या पावसावर गिरण्या फिरू लागल्या. पावसाचा अंदाज त्या दिवसापासून शेतकऱ्यापुरता उरला नाही. आज कोयनेचेच पाहा. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी सोडण्याची मुभा आहे. ते फेब्रुवारीत वापरायचे की मे महिन्याच्या काहिलीसाठी राखायचे? जून कोरडा गेला तर धरण भरत नाही, साताऱ्याच्या पठारांवरील पवनचक्क्यांना हवा तो वारा मिळेल याचा भरवसा नसतो, आणि नेमक्या तेव्हाच शेतीपंप व वातानुकूलन यंत्रांची मागणी चढते. कोळसा किती साठवायचा, हेही त्यावरच ठरते.

अडचण अशी की, प्रशांत महासागराचा हा सी-सॉ बहुधा मार्च ते मे या काळातच कूस बदलतो. त्यामुळे त्याआधीचा अंदाज डळमळीत राहतो. वसंत गोवारीकरांच्या पुढाकाराने १९८८ साली सोळा घटकांचे प्रारूप आले, ते वॉकर यांच्याच वाटेवरचे. २००२ मध्ये सामान्य पाऊस सांगितला असताना सुमारे १९ टक्के तूट पडली आणि नवी प्रारूपे शोधावी लागली. आता समुद्र आणि वातावरण यांची गणिते संगणक एकत्र सोडवतो, आणि एकाच आकड्यासोबत शक्यतांची टक्केवारीही दिली जाते.

ही टक्केवारी ऐकून अनेकजण वैतागतात. ‘पडेल की नाही, एवढे सांगा!’ कर्ज देताना आम्ही बँकवाले हमी मागत होतो, तारण पाहत होतो, तरी थोडी रक्कम बुडीत खात्यासाठी बाजूला ठेवतच होतो. वीज मंडळाच्या अधिकाऱ्यालाही तेच करावे लागते. साठ टक्के शक्यता चांगल्या पावसाची असली, तरी उरलेल्या चाळीस टक्क्यांसाठी धरणात थोडे पाणी आणि अंगणात थोडा कोळसा ठेवावा लागतो. आपल्या घरात रात्री दिवा लागतो, तो काही अंशी या सावध बेरीज-वजाबाकीवर.