पेशंटच्या खाटेशेजारची शाळा : डॉ. विल्यम ऑस्लर

मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही किंवा तुमच्या घरचं कोणी कधी ॲडमिट झालं असेल, तर हे दृश्य तुम्हाला नवीन नाही. सकाळी राउंड येतो. पुढे सर किंवा मॅडम, मागे निवासी डॉक्टर आणि त्यांच्या मागे पांढऱ्या कोटातली दहा-बारा मुलं-मुली. एक जण पोट दाबून बघतो, दुसरी छातीला स्टेथोस्कोप लावते, तिसरा पुन्हा पहिल्यापासून सगळं विचारतो. काल दोनदा सांगितलेली हकीकत आज तिसऱ्यांदा सांगावी लागते.

माझ्या दवाखान्यात येणारे नातेवाईक यावर चिडून विचारतात, आमचा पेशंट काय या मुलांना शिकायला ठेवलाय का? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर समजून घ्यायचं तर डॉ. विल्यम ऑस्लर यांची गोष्ट माहीत असायला हवी. डॉक्टर कसा घडतो आणि डॉक्टर घडवणारा शिक्षक कसा घडतो, हे दोन्ही त्यांच्या आयुष्यात दिसतं.

तीन गुरूंचा विद्यार्थी

ऑस्लर यांचा जन्म १२ जुलै १८४९ रोजी कॅनडातल्या बाँड हेड या खेड्यात झाला. वडील पाद्री होते. घरात भावंडं बरीच आणि पैसा बेताचा. मुलानेही पाद्री व्हावं अशी अपेक्षा होती आणि त्या शिक्षणासाठी ते टोरांटोला गेलेही.

पण शाळेत त्यांना जॉन्सन नावाचे शिक्षक भेटले होते. तेही पाद्रीच, पण छंद मायक्रोस्कोपचा. डबक्यातलं पाणी, शेवाळ, किडे, जे मिळेल ते काचेखाली ठेवून ते मुलांना दाखवत. टोरांटोत डॉ. बोव्हेल भेटले. त्यांनी आपली पुस्तकं या मुलासाठी खुली करून दिली. ऑस्लर धर्मशास्त्र सोडून वैद्यकशास्त्राकडे वळले. पुढे मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात डॉ. पामर हॉवर्ड यांनी त्यांना रोग्याकडे बघायला शिकवलं. १८७२ मध्ये ते डॉक्टर झाले.

वीस वर्षांनी, १८९२ साली, ऑस्लर यांनी वैद्यकशास्त्रावर एक मोठं पाठ्यपुस्तक लिहिलं. ते त्यांनी या तीन शिक्षकांच्या स्मृतीला अर्पण केलं. पुढची अनेक वर्षं इंग्रजीतून वैद्यक शिकणाऱ्या मुलांच्या हातात हे पुस्तक होतं, आणि ते उघडलं की आधी एका खेड्यातल्या शाळामास्तरांचं नाव दिसायचं.

व्याख्यान अवघड, वॉर्ड आपला

लंडन, बर्लिन आणि व्हिएन्नात पुढचं शिक्षण घेऊन १८७४ मध्ये ते मॅकगिलला शिकवायला परत आले. वय अवघं पंचवीस. उत्तम शिक्षक हा जन्मतःच तसा असतो, असं आपल्याला वाटतं. ऑस्लर यांचं तसं नव्हतं. वर्गात उभं राहून तासभर व्याख्यान देणं हे त्यांच्यासाठी सुरुवातीला मोठं ओझं होतं.

त्यांचा खरा जीव रमायचा तो शवविच्छेदनाच्या टेबलाशी आणि मायक्रोस्कोपशी. जिवंतपणी जे निदान केलं ते खरं होतं की चुकलं, हे ते मृत्यूनंतर तपासून बघत आणि विद्यार्थ्यांना सोबत घेत. देवीच्या रोग्यांचा वॉर्ड कोणालाच नको असायचा, तो त्यांनी घेतला. त्यांना स्वतःलाही देवी आल्या, सुदैवाने सौम्य. त्या कामाचे जे पैसे मिळाले त्यातून त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मायक्रोस्कोप घेतले.

विद्यार्थी वॉर्डात आले

१८८४ मध्ये ते फिलाडेल्फियाला गेले. १८८९ मध्ये बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल सुरू झालं आणि ऑस्लर तिथले मुख्य फिजिशियन झाले. १८९३ मध्ये त्याला जोडून मेडिकल स्कूल उघडलं. तिथे मुलींनाही मुलांच्या बरोबरीने प्रवेश होता.

त्या काळी अमेरिकेत डॉक्टर होणं कसं होतं? अनेक ठिकाणी विद्यार्थी बाकावर बसून व्याख्यानं ऐकायचे, परीक्षा द्यायचे आणि पदवी घ्यायचे. स्वतःच्या हाताने एकही रोगी न तपासता डॉक्टर झालेले लोक गावोगावी औषधं देत होते. त्यांच्या चुकांची किंमत अर्थातच रोगी मोजत होते.

रोग्याच्या खाटेशेजारी शिकवणं ही ऑस्लर यांनी शोधलेली गोष्ट नव्हे. युरोपात ती पद्धत आधीपासून होती. आपल्याकडेही मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जे. जे. हॉस्पिटल शेजारी-शेजारी सुरू झाली, ती यासाठीच. ऑस्लर यांनी बाल्टिमोरमध्ये तिला शिस्त लावली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी ओपीडीत रोगी तपासायचे. चौथ्या वर्षाच्या मुलांनी वॉर्डात राबायचं. प्रत्येकाला काही रोगी वाटून दिलेले असत. हकीकत घेणं, तपासणं, रक्त-लघवी स्वतः बघणं, रोज नोंद करणं आणि राउंडला सगळ्यांसमोर ते मांडणं, ही त्याची जबाबदारी. वर निवासी डॉक्टर आणि सर्वांच्या वर स्वतः ऑस्लर.

म्हणजे आज तुमच्या खाटेभोवती जी उतरंड उभी असते, तिचा आराखडा बराचसा तिथला आहे. एक जण चुकला तर वरचा पकडतो. विद्यार्थी तुम्हाला पुन्हा पुन्हा विचारतो, त्यातून कधी कधी पहिल्यांदा निसटलेली गोष्ट सापडते. १९१० मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांची झाडाझडती घेणारा अहवाल लिहिला, तेव्हा नमुना म्हणून जॉन्स हॉपकिन्सच समोर ठेवलं.

शिकवणाऱ्यानेही शिकत राहायचं

ऑस्लर यांच्या आयुष्यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही. प्रोफेसर झालो म्हणजे शिकणं संपलं, असं त्यांनी कधी मानलं नाही.

मॅकगिलमध्ये असतानाच त्यांनी सहकाऱ्यांना जमवून एक मंडळ काढलं होतं. परदेशी वैद्यकीय नियतकालिकं एकट्याला परवडत नसत, म्हणून वर्गणी काढून ती मागवायची आणि मिळून वाचायची. आज प्रत्येक मेडिकल कॉलेजात ‘जर्नल क्लब’ असतो, तो याच प्रकारचा. नावाजलेले झाल्यावरही ते अधूनमधून युरोपात जाऊन दुसऱ्यांचे वॉर्ड आणि प्रयोगशाळा बघून येत. प्रत्येक डॉक्टरने दर काही वर्षांनी असं पुन्हा विद्यार्थी व्हावं, असा त्यांचा आग्रह होता.

विद्यार्थ्यांसाठी त्यांचं घरही उघडं होतं. शनिवारी संध्याकाळी मुलं घरी जमत. आधी आठवड्यातले रोगी, मग जुनी पुस्तकं आणि गप्पा. शेजारी राहणाऱ्या काही तरुण डॉक्टरांना तर त्यांनी घराची किल्लीच देऊन ठेवली होती, हवं तेव्हा या आणि पुस्तकं वाचा म्हणून.

क्षयरोगाच्या रोग्यांचं घर कसं आहे, हवा-उजेड किती, किती माणसं एका खोलीत झोपतात, हे बघायला त्यांनी विद्यार्थिनींना बाल्टिमोरच्या वस्त्यांत पाठवलं. रोग फुप्फुसात असला तरी त्याची मुळं खोलीत असू शकतात, हे मुलींनी डोळ्यांनी पाहिलं.

रोगी म्हणजे केस नव्हे

डॉक्टरांना ऑस्लर हे नाव ‘ऑस्लर गाठीं’मुळे माहीत असतं. हृदयाच्या झडपांना जंतुसंसर्ग झाला, तर काही रोग्यांच्या बोटांच्या टोकांवर लहान, दुखऱ्या, लालसर गाठी येतात. बरेच दिवस रेंगाळणाऱ्या तापाच्या रोग्याचे हात निरखून पाहिले, तर निदानाला असा धागा मिळू शकतो. बघायचं कसं, हे ते शिकवत, ते असं.

पण वागायचं कसं, हेही विद्यार्थी त्यांच्याकडे पाहूनच शिकले. नंतरच्या काळात ऑक्सफर्डमध्ये एका लहान मुलाला जबर डांग्या खोकला झाला होता. तो काही खाईना. पदवीदान समारंभाला निघालेले ऑस्लर प्रोफेसरचा झगा घालूनच त्याच्या घरी आले. शेजारी बसून त्यांनी एक पीच सोलला, त्याच्या फोडी केल्या, साखर लावली आणि एकेक फोड त्या मुलाला भरवली. मूल बरं होईपर्यंत, सुमारे चाळीस दिवस, ते रोज झगा घालून आले, कारण पोराला तो झगा आवडला होता. तेव्हा या आजारावर नेमकं औषध नव्हतं. जे देता येत होतं ते त्यांनी दिलं.

हा प्रामाणिकपणा त्यांच्या पुस्तकातही होता. कोणत्या रोगावर खरंच औषध आहे आणि कोणत्यावर नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिलं. रॉकफेलर यांच्या एका सल्लागाराने ते वाचलं आणि उपचारांची ही गरिबी पाहून तो हादरला. त्यातूनच १९०१ मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर यांची वैद्यकीय संशोधन संस्था उभी राहिली.

मोठ्या माणसाच्या चुका

ऑस्लर यांचा देव्हारा करायचं कारण नाही. १९०५ मध्ये बाल्टिमोर सोडताना केलेल्या भाषणात त्यांनी साठीनंतरची माणसं निरुपयोगी असतात अशा अर्थाची थट्टा केली. वर्तमानपत्रांनी ती उचलली आणि वयस्कर लोक दुखावले गेले. याहून गंभीर गोष्ट म्हणजे १९१४ मध्ये, भारतीयांनी कॅनडात यावं की नाही हा वाद पेटलेला असताना, कॅनडा हा गोऱ्यांचाच देश राहावा, या बाजूने ते बोलले. खाटेशेजारी माणसात माणूस पाहणाऱ्या शिक्षकाची नजर इथे आखूड पडली. चांगल्या शिक्षकाकडूनही काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे विद्यार्थ्याला ठरवावंच लागतं.

शेवटची वर्षं

१९०५ पासून ते ऑक्सफर्डला प्रोफेसर होते. १९११ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. पहिल्या महायुद्धात, ऑगस्ट १९१७ मध्ये, त्यांचा एकुलता एक तरुण मुलगा रिव्हिअर बेल्जियमच्या आघाडीवर मारला गेला. त्या धक्क्यातून ते पूर्ण सावरले नाहीत, तरी काम थांबवलं नाही. २९ डिसेंबर १९१९ रोजी न्यूमोनिया आणि छातीत झालेल्या पूमुळे, वयाच्या सत्तराव्या वर्षी, ते गेले. आपली हजारो पुस्तकं त्यांनी मॅकगिलला दिली. त्यांच्या अस्थीही तिथे त्याच पुस्तकांच्या सोबतीला आहेत.

किताब आणि मानसन्मान भरपूर मिळाले. तरी आपल्या थडग्यावर एवढंच लिहिलं जावं असं ते म्हणत, की या माणसाने विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवलं.

आपल्याकडे आज काय?

उत्तम डॉक्टर आपोआप उत्तम शिक्षक होत नाही, हे आता आपल्याकडेही मान्य झालं आहे. मेडिकल कॉलेजातल्या अध्यापकांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ‘कसं शिकवावं’ याचा मूलभूत कोर्स ठेवला आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात पहिल्या वर्षापासून मुलांना रोग्यांची ओळख करून देतात आणि रोग्याशी बोलणं हाही शिकण्याचा विषय आहे.

आमच्या वेळी असं काही नव्हतं. शिकत असताना एका राउंडला सरांनी एका बाईंच्या कॅन्सरबद्दल त्यांच्या डोक्यावरून इंग्रजीत भरभरून शिकवलं. बाईंना ‘कॅन्सर’ एवढाच शब्द कळला. राउंड पुढे गेला, त्या रडत राहिल्या आणि आम्ही वहीत टिपणं काढत पुढे सरकलो. त्या दिवशी मी रोग शिकलो, पण एक चुकीची सवयही शिकलो. ती मोडायला मला पुढे काही वर्षं लागली.

शिक्षकाचं प्रशिक्षण हा कॉलेजचा अंतर्गत मामला वाटतो. पण त्याचा परिणाम शेवटी तुमच्या खाटेपर्यंत येतो.

तुम्ही काय करू शकता?

- विद्यार्थी तपासायला आले तर त्यांचं नाव आणि वर्ष विचारा. तो तुमचा हक्क आहे.
- दुखत असेल, थकवा असेल किंवा संकोच वाटत असेल तर नाही म्हणा, किंवा नंतर या म्हणा. नकार दिला म्हणून उपचारात फरक पडता कामा नये.
- तपासणीच्या वेळी पडदा आणि अंगावर चादर मागा. स्त्री रुग्णांनी सोबत स्त्री कर्मचारी मागायला संकोचू नये.
- तुमच्यासमोर इंग्रजीत चर्चा झाली तर शेवटी मराठीत समजावून सांगा, असं सरळ म्हणा.
- जमत असेल तेव्हा विद्यार्थ्याला हकीकत नीट सांगा. पाच-सात वर्षांनी हाच मुलगा एखाद्या तालुक्याच्या गावी रात्री दोन वाजता कोणाच्या तरी छातीत दुखत असताना एकटा उभा असेल.
- एखाद्या सरांनी किंवा मॅडमनी तुमच्याशी आणि मुलांशी चांगलं वागून शिकवलं, तर डिस्चार्जच्या वेळी त्यांच्या नावाने अधिष्ठात्यांना चार ओळी लिहून द्या.

शेवटचा मुद्दा किरकोळ समजू नका. अध्यापकांची बढती मोजताना शोधनिबंध सहज मोजता येतात. खाटेशेजारी चांगलं शिकवलेला तास कुठल्याच रकान्यात सहज बसत नाही. तो तास कसा होता हे विद्यार्थ्यांइतकंच तुम्हीही पाहिलेलं असतं.