सर अल्बर्ट हॉवर्ड : बुरशीला मित्र मानणारा शास्त्रज्ञ



कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' तुम्ही पुस्तकात वाचली असेल. पण ती शोधणारा माणूस आधी बुरशीचा वैरी म्हणून कामाला लागला होता, हे ठाऊक आहे का?

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म १८७३ साली इंग्लंडमधल्या श्रॉपशायर परगण्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. केंब्रिजला शिकून ते वेस्ट इंडिजला गेले. तिथे पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांचा अभ्यास करायचा आणि शेतकऱ्यांना उपाय सांगायचे, हे त्यांचं काम. गंमत बघा, उपाय आधी करून पाहायला स्वतःचं शेत मात्र नव्हतं! ही गोष्ट त्यांना फार टोचायची.

१९०५ साली ते बिहारमधल्या पुसा इथल्या संशोधन संस्थेत आले. इथे मात्र त्यांना जमीन मिळाली. पत्नी गॅब्रिएल यासुद्धा वनस्पतिशास्त्रज्ञ होत्या. दोघांनी मिळून गव्हाच्या सुधारित जाती तयार केल्या. (गॅब्रिएल यांचं नाव बहुतेक ठिकाणी गाळलं जातं, ते काही बरोबर नाही.) आसपासचे शेतकरी कसलंही औषध फवारत नव्हते, तरी त्यांची पिकं निरोगी होती. हे पाहून साहेबांनी त्या शेतकऱ्यांनाच गुरू केलं.

१९२४ साली होळकर संस्थानाने इंदूरला सुमारे ३०० एकर जमीन दिली आणि तिथे नवी संस्था उभी राहिली. अडचण एकच, खताची! शेण गोवऱ्या होऊन चुलीत जायचं. कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या तर इतक्या टणक की लवकर कुजायच्याच नाहीत. मग या काड्या रस्त्यावर पसरल्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांनी त्यांचा चुरा केला. तो चुरा, पालापाचोळा, शेण, गोठ्यातली गोमूत्र मुरलेली माती, थोडी राख असं सगळं २ फूट खोल खड्ड्यात थराथराने भरलं आणि पाणी शिंपडलं. यात जुन्या खड्ड्यातलं बुरशी धरलेलं थोडं खतही घालायचे, जसं आपण दुधाला विरजण लावतो ना, अगदी तसं! आधी बुरशी कामाला लागते, खड्डा चांगलाच तापतो. मग जिवाणूंची पाळी. हवा मिळावी म्हणून तीनदा खालीवर करायचं. साधारण ९० दिवसांत खत तयार. या कामात रसायनतज्ज्ञ यशवंत वाड त्यांच्यासोबत होते. १९३१ साली दोघांच्या नावाने याचं पुस्तक निघालं. गॅब्रिएल मात्र आदल्याच वर्षी वारल्या होत्या.

हॉवर्ड इंग्लंडला परतले. १९३४ साली त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. पण खरी गोष्ट पुढेच आहे. हे खत घातलेल्या चहाच्या मळ्यांतली मुळं त्यांनी तपासून घेतली. त्यांत मायकोरायझा नावाची बुरशी सापडली. ही बुरशी मुळाला खात नाही. तिचे बारीक धागे मुळं पोहोचत नाहीत तिथून स्फुरद आणून देतात आणि झाडाकडून साखर घेतात. सरळ देवाणघेवाण! ज्या बुरशीचे रोग शोधण्यात तारुण्य गेलं, तिचीच भावंडं पिकाला पोसतात, हे हॉवर्ड यांनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली.

रासायनिक खतांचा जोर वाढत होता, त्यामुळे अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना विरोध केला. खरं सांगायचं तर हॉवर्ड यांचंही थोडं जास्तच व्हायचं. माती जिवंत असली की रोग येणारच नाही, असा त्यांचा ठाम समज. तसं काही नसतं, कंपोस्ट घातलेल्या शेतातही रोग येतो. पण मुळाशी राहणारी बुरशी पिकाला जेवण पुरवते, ही त्यांची मूळ गोष्ट मात्र टिकली. आज मायकोरायझाची पाकिटं कृषी केंद्रात विकत मिळतात.

२० ऑक्टोबर १९४७ रोजी त्यांचं निधन झालं. इंदूरला त्यांची संस्था होती, तिथे आता कृषी महाविद्यालय आहे.