आपल्या वाट्याची खतं

रमजानमध्ये जकातीचा हिशेब मांडला जातो. जकातीचे जे आठ हकदार कुरआनने सांगितले, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. तो तंगीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मोहलत द्यावी आणि कर्ज सोडूनच दिले तर अधिक चांगले, असेही सूरह बकरामध्ये आले आहे. हप्त्यांवर संसार उभा करणाऱ्या ताथवड्यासारख्या वस्तीत वसुलीच्या फोनची धास्ती वेगळी सांगायला नको. तिथून फार लांब नसलेल्या देहूत, चारशे वर्षांपूर्वी, एका सावकाराच्या घरात हाच प्रश्न उभा राहिला होता.

ते घर बोल्होबा आणि कनकाईंचे. बाजाराची महाजनकी, दुकान, व्याजबट्टा असा नांदता कारभार. थोरला सावजी विरक्त वृत्तीचा, त्यामुळे तेराव्या वर्षीच हे सारे मधल्या मुलाच्या, तुकोबांच्या खांद्यावर आले. पुढे चार-पाच वर्षांत आईवडील गेले, वहिनी गेली आणि सावजी तीर्थयात्रेला निघून गेला.

मग १६३० चा दुष्काळ पडला. गुरे मेली, कुळांकडून येणे थांबले आणि ज्यांचे देणे होते ते दारात येऊ लागले. दुकान बसले. पहिली पत्नी रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतूही गेला. दिवाळे निघाल्याचे तुकोबांनी पुढे अभंगांतही लपवले नाही.

दुसऱ्या पत्नी जिजाबाई, म्हणजे आवली, पुण्याच्या गुळवे सावकारांची लेक. महिपतीने लिहिलेल्या चरित्रात अशी कथा येते, की तिने स्वतःच्या नावाचे खत लिहून देऊन २०० रुपये कर्ज काढले आणि नवऱ्याला व्यापाराला धाडले. २०० चे २५० झाले. परतीच्या वाटेवर देण्यापायी गांजलेला एक ब्राह्मण भेटला आणि तुकोबांनी सगळी रक्कम त्याला देऊन टाकली. आवलीला कजाग म्हणून हसणाऱ्यांनी ते खत कुणाच्या नावावर होते, हे जरा आठवावे.

पुढे चाकणजवळच्या भामचंद्र डोंगरावर तुकोबा पंधरा दिवस एकांतात बसले. धाकटा भाऊ कान्होबा त्यांना शोधत तिथे पोचला. दोघे इंद्रायणीकाठी आले, तेव्हा तुकोबांनी घरातली खतं मागवली. खत म्हणजे कर्जदाराने लिहून दिलेला कागद. तो सावकाराच्या पेटीत असेपर्यंत बापाचे देणे मुलाच्या मानेवर राही. ते सारे कागद नदीत सोडायचे, असे तुकोबांनी ठरवले होते.

कान्होबाने अडवले. तुम्ही साधू झालात, पण मला बायकापोरे आहेत, असे त्याचे म्हणणे. ते खोटे नव्हते. दुष्काळाने धुऊन नेलेल्या त्या घरात उरलेसुरले येणे तेवढेच होते. तुकोबांनी त्याला उपदेश केला नाही. खतांचे दोन वाटे केले, एक भावाच्या हाती दिला आणि उरलेला तेवढाच पाण्यात सोडला. ज्यांची खतं बुडाली ती कुळे सुटली. कान्होबाच्या वाट्याला आलेल्यांचे देणे तसेच राहिले.

इस्लामी फिकहही हेच सांगतो: सामाईक येण्यातला आपला हिस्सा माफ करता येतो, भागीदाराचा नाही. तो बंद्याचा हक. त्याच्या वतीने दुसऱ्याला उदार होता येत नाही. कथा सांगताना बुडवलेल्या कागदांचेच कौतुक जास्त होते. खरे तर आधीची वाटणी अधिक अवघड होती. वैराग्याच्या भरात माणसाला आपले-परके दिसेनासे होते, तुकोबांना ते दिसत होते.

वाटणीनंतर तुकोबांनी पुन्हा सावकारी केली नाही. घरातली ओढाताण आवलीने सोसली. १६५० मध्ये तुकोबा गेले, तेव्हा त्यांच्या विरहाचे अभंग लिहिणारा भाऊ हाच, आपला वाटा मागून घेतलेला कान्होबा.