एवढीशी गोळी

मी धारणीचा. एन.सी.सी.त पॉइंट टू-टू रायफल पहिल्यांदा खांद्याला लावली, तेव्हा वाटलं, एवढ्याशा गोळीनं कसला सराव होणार? उत्तर सापडलं डेव्हिड मार्शल विल्यम्सच्या चरित्रात.

जन्म 1900, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनात. 1921 मध्ये त्याच्या चोरट्या दारूभट्टीवर धाड पडली, त्यात एक डेप्युटी शेरिफ गोळी लागून मेला. विल्यम्सला वीस ते तीस वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगाच्या वर्कशॉपमध्येच तो बंदुकांचं डिझाइन करू लागला. 1929 मध्ये सुटला.

पॉइंट फोर-फाइव्ह पिस्तुलाची गोळी महाग. टू-टू स्वस्त, पण तिच्या जोरानं जड स्लाइड नीट मागे जात नाही. विल्यम्सनं गोळी बसते ते चेंबरच सुटं, किंचित मागे सरकणारं केलं. गॅस त्याला पिस्टनसारखा ढकलतो. स्लाइड चालते, हातालाही धक्का जाणवतो. कोल्ट कंपनीनं 1937 मध्ये हे चेंबर आपल्या 'एस' पिस्तुलात घातलं, पुढे कन्व्हर्जन किटही काढलं. चेंबरमध्ये काजळी साचते, साफसफाई वाढते. तरी पिस्तूल तेच, ट्रिगर तोच आणि खर्च कमी. माझ्या मते सरावाला किट फायद्याचंच.

विल्यम्स 1975 मध्ये वारला. त्याचा गुन्हा माफ करा, असं मी म्हणत नाही. पण गावात साधनं नव्हती म्हणून मी नेहमी रडायचो; आता तसं बोलायला जीभ रेटत नाही.