लुई व्हिएर्न : पेटीवाल्यांची आठवण ठेवणारे ऑर्गनवादक

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलच्या भव्य पाइप ऑर्गनपुढे लुई व्हिएर्न सदतीस वर्षे बसले, तेही जवळजवळ दृष्टिहीन अवस्थेत. ८ ऑक्टोबर १८७० रोजी फ्रान्समधील प्वातिए येथे ते जन्मले ते डोळ्यांत मोतीबिंदू घेऊनच. बालपणीच्या शस्त्रक्रियेने दिसू लागले, पण अंधुकच. पॅरिसच्या अंधशाळेत त्यांचे शिक्षण झाले. सेझार फ्रांक यांच्या ऑर्गनवादनाने त्यांना आयुष्याची वाट दाखवली आणि १९०० साली नोत्र दामचे मुख्य वादकपद त्यांच्याकडे आले.

ऑर्गनसाठी त्यांनी सहा सिंफनी रचल्या. आम्हांला मात्र त्यांच्या चोवीस छोट्या रचना अधिक जवळच्या वाटतात. १९१४ साली प्रसिद्ध झालेल्या या रचना ऑर्गनवर किंवा साध्या हार्मोनियमवरही वाजवता येतात. पायपट्ट्या नसल्या तरी अडत नाही. प्रत्येकीची लांबी साधारण अर्पणविधीपुरती. लहान धर्मग्रामात पेटीवर साथ करणाऱ्यांना यातील जिव्हाळा वेगळा सांगायला नको!

पहिल्या महायुद्धाने १९१७ मध्ये त्यांचा पुत्र जाक आणि १९१८ मध्ये धाकटा भाऊ रने हिरावून नेला. रनेही ऑर्गनवादकच होते.

२ जून १९३७ रोजी नोत्र दाममध्ये त्यांचे वादन होते. दिवंगत बालकाच्या स्मरणार्थ रचलेली आपलीच एक रचना त्यांनी वाजवली. पुढे दिलेल्या सुरावटीवर उत्स्फूर्त वादन करायचे होते. तोच ते कोसळले. शेजारी शिष्य मोरिस द्युरुफ्ले होते. व्हिएर्न यांचा पाय पायपट्टीवर पडला आणि तो एकच खर्जाचा सूर कॅथेड्रलमध्ये घुमत राहिला.