डिझेल नावाचा माणूस

डिझेल हे कुणाचं आडनाव आहे, हे फर्स्ट इयरला आपल्यापैकी किती जणांना माहीत असतं? रुडॉल्फ डिझेल १८५८ मध्ये पॅरिसला जन्मला, आईवडील जर्मन. १८७० च्या युद्धात घर सोडून लंडन गाठावं लागलं आणि बारा वर्षांच्या रुडॉल्फला शिकायला ऑग्सबुर्गला धाडलं. पुढे म्युनिकला लिंडे सरांच्या लेक्चरमध्ये कळलं, की वाफेचं इंजिन नव्वद टक्के उष्णता वाया घालवतं. ते त्याच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटेल, ठिणगी नकोच! १८९३ च्या पहिल्याच चाचणीत स्फोट झाला, तो थोडक्यात वाचला. १८९७ मध्ये २६ टक्के एफिशियन्सी मिळाली. पण इंधन आत फवारायला अवजड एअर कॉम्प्रेसर लागायचा.

आज छोट्या एक्स्कॅव्हेटरमध्ये ते काम कॉमन रेल आणि ईसीयू करतात. तरी काजळी होतेच. ती फिल्टरमध्ये अडते, मग ईसीयू एक्झॉस्ट सुमारे ६०० अंशांपर्यंत तापवून ती जाळतो. हेच रिजनरेशन. ऑपरेटर दरवेळी मध्येच इंजिन बंद करत राहिला, तर फिल्टर चोक!

डिझेलने पैसा खूप कमावला, तो टिकला नाही. डोक्यावर कर्ज झालं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला निघालेल्या बोटीवरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी समुद्रात देह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या.